सुरमईची दोन ताटं

न्हाय रे, कोकणात तुम्ही जाऊन या, मी येत न्हाय. का, ते सांगतो.

माझ्या बायकोचं, सुरेखाचं केमो चालू होतं तवाची गोष्ट. तिला अन्नाचा वाससुद्धा सोसायचा न्हाय. घरात फोडणी बंद केलती. एक दिवस टीव्हीवर कोकणच्या सहलीची जाहिरात लागली. आधी लाटांचा आवाज, मग तव्यावर सुरमई चर्र करून पडली. सुरेखा उठून बसली.

"मला हे तिथं जाऊन खायचंय."

लई दिवसांनी तिनं काहीतरी खायला मागितलं. डॉक्टरांना विचारून मी गाडी काढली. गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत ती त्या माशाबद्दलच बोलत होती.

समुद्रासमोरच्या खानावळीत दोन ताटं आली. तिनं घास तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झालं?"

"जाहिरातीत वास येत न्हवता की हो."

मी उठायला लागलो, तर तिनं माझा हात धरला. "तुम्ही खावा. मी बघते."

मी खायला लागलो. तिनं विचारलं, "कसं लागतंय?"

"झकास."

"असं न्हाय. नीट सांगा."

मग मी सांगत गेलो. वरनं कुरकुरीत हाय, आत मऊ हाय, कोकमाचा आंबटपणा मागनं येतोय. खरं तर मला कशाचीच चव लागत न्हवती. ती डोळे मिटून ऐकत होती. दोन्ही ताटं मी संपवली, तेव्हा तिनं पदरानं स्वतःचं तोंड पुसलं.

त्यानंतर तिनं काही खायला मागितलं न्हाय. महिन्याभरात गेली.