बैठ्या खडकावरचा वाघ

मी, कोकिळा टिकाराम मडावी, वय अंदाजे सत्तेचाळीस, धंदा शेळ्या राखणे व हंगामात मजुरी, राहणार रानबोडी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे. मला कोणी धरून आणलेले नाही. बोलावणे आले म्हणून एस.टी.ने आले. माझा जबाब महिला पोलीस शिपाई मंजुषाबाई लिहून घेत आहेत. बाजूच्या खुर्चीवर आमच्याच गावचे हवालदार मधुकरराव भोयर बसलेले आहेत. ते इथे नसते तर बरे झाले असते, पण ठाणे त्यांचे आहे. मी बोलेन ते सगळे लिहावे, एक शब्द गाळू नये, नाहीतर सही करणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले आहे.

आमच्या गावच्या टेकडीवर वर्षाली नावाची मुलगी शहरातल्या लोकांना फोटो काढायला घेऊन येते. मुलगी वर्ध्याची आहे, गुणी आहे, वर चढण्याआधी माझ्या अंगणात पाणी पिते. तिच्यासोबतची माणसे सूर्य बुडेपर्यंत टेकडीवर थांबतात, त्याचे फोटो काढतात आणि उतरतात. सूर्य रोजच बुडतो, तरी ती पुन्हा येतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मागच्या शनिवारी सायंकाळी मी शेळ्या घेऊन टेकडीवरून परत निघाले होते. वर्षाली आणि तिची माणसे माथ्यावर कॅमेऱ्यांची तिकाटणी लावून उभी होती. फिर्यादी रजत साहेब, राहणार नागपूर, त्यांच्यात होते. त्यांच्या कॅमेऱ्याला दुधीभोपळ्याएवढी लांब लेन्स होती. वर्षाली सगळ्यांना म्हणाली, "समोरच्या बैठ्या खडकावर फोकस ठेवा. सूर्य खडकाला टेकला की घ्या." बैठा खडक म्हणजे टेकडीच्या मावळतीच्या अंगाला, तळ्याच्या वर आलेला सपाट दगड. गावातली सगळी माणसे तो ओळखतात.

मी खडकाकडे पाहिले. खडकावर दोघे बसलेले होते. ते कोण, असे हवालदारसाहेबांनी विचारले. वाघ होता, असे मी सांगितले. दोन वाघ का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की मी मोजायला गेले नाही.

यावेळी हवालदारसाहेबांचा फोन वाजला व ते व्हरांड्यात गेले. म्हणून पुढचा मजकूर मी घाईघाईने सांगितला. खडकावर एक मुलगी व एक मुलगा होता. मुलीचे नाव मी सांगणार नाही, या ठाण्यात तर नाहीच. ती वर्ध्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि परीक्षा तोंडावर आली आहे. त्याआधी तळ्याकडून शेळ्या वर आणताना मी दोघांना पाहिले होते. तिच्या मांडीवर जाड पुस्तक होते, मुलगा त्यातले प्रश्न विचारत होता, आणि ती चुकली की दोघे हसत होते. तिच्या बापाने बजावून ठेवले आहे की कुठून काही कानावर आले तर कॉलेज बंद आणि लगेच लग्न. हे लोक फोटो काढतात ते रात्रीपर्यंत सगळीकडे पोचतात. मागे माझ्या बोकडाचा फोटो मला पुलगावच्या नणंदेने तिच्या मोबाइलवर दाखवला होता. मला त्या मुलीची फार काळजी वाटली. शिकून नोकरीला लागणारी ती आमच्या गावची पहिली मुलगी आहे. म्हणून तो फोटो होऊ द्यायचा नाही असे मी ठरवले.

हवालदारसाहेब परत आले. फोन अल्लीपूरचा होता, मुलीला पाहायला पाहुणे रविवारी येऊन राह्यले, असे त्यांनी मंजुषाबाईंना सांगितले. "पोरगी हॉस्टेलवर अभ्यास करून राह्यली, तिले शनिवारी घरी बोलावतो," असेही म्हणाले. मंजुषाबाईंचा पेन थांबला. मी त्यांना लिहा म्हटले.

प्रथम मी खडकाच्या दिशेने गोंडीत ओरडले की तिथून उठा, इथे फोटो चालू आहे. शहरातल्या माणसांना गोंडी कळत नाही म्हणून तसे केले. पण माझा भाचा सिंदीला वाढला, त्याला शेळी हाकण्यापलीकडची गोंडी येत नाही. त्याने हात हलवला आणि बसून राहिला. येथे भाचा हा शब्द चुकून आला आहे, तो खोडून एक इसम असे करावे, अशी मी विनंती केली. जबाबात खाडाखोड चालत नाही असे मंजुषाबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी सगळ्या शेळ्या कॅमेऱ्यांच्या समोरून पळवल्या. टेकडीवर धूळ भरपूर आहे, ती उडाली की खडक दिसणार नाही असा माझा हिशेब होता. धूळ उडाली. पण उन्हात ती सोन्यासारखी चमकायला लागली आणि सगळे जण आनंदाने ओरडले. रजत साहेब म्हणाले, "मावशी, परत एकदा आणा ना शेळ्या!" माझ्या बोकडाने मान वर करून फोटो दिला. या बोकडाला कॅमेऱ्याची चटक लागलेली आहे.

सूर्य खडकाच्या अगदी जवळ आला तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही. मी खडकाकडे बोट करून जिवाच्या आकांताने ओरडले, "वाघ! वाघ! बैठ्या खडकावर वाघ!" बोर धरणाच्या बाजूचे आमचे गाव आहे. आमच्याकडे वाघ म्हटले की माणूस हातातले टाकून घराकडे पळतो, मागे वळून पाहत नाही. मी लहानपणापासून हेच पाहिले आहे. हे लोक पळतील याची मला खात्री होती. परंतु हे लोक पळाले नाहीत. उलट जे दुसरीकडे पाहत होते तेही तिकाटणी उचलून धावत आले आणि सगळ्यांनी लेन्स खडकाकडेच वळवल्या. एक बाई तर हात जोडून माझे आभार मानत होती. शहरातली माणसे वाघ पाहायला लांबून येतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. माझी चूक झाली ती इथे झाली.

सर्वांत पुढे रजत साहेब होते. मी डोक्यावरचे गवताचे पोते त्यांच्या कॅमेऱ्यावर टाकले. कॅमेरा तिकाटणीसह आडवा झाला, लेन्सची काच तडकली आणि साहेब गवतात बसले. धूळ, गवत आणि आरडाओरडा यात सूर्य बुडून गेला. बाकी कोणालाच खडकाचा फोटो मिळाला नाही. पण पोते पडण्याआधी आपण एक फोटो घेतला, तो कार्डात आहे, असे रजत साहेबांचे म्हणणे आहे. वाघाची खोटी अफवा पसरवली व काच फोडली, अशी त्यांनी माझ्यावर तक्रार केली आहे. काच फुटल्याचे मला वाईट वाटते.

यावर हवालदारसाहेब म्हणाले, "मावशी, वाघाची अफवा म्हणजे मस्करी नाई. खरं काय ते सांगून टाका. कोणाची तरी बेशिस्त पोरं बसली असतीन खडकावर. नावं घ्या, त्यायच्या मायबापाले इथं बोलावतो अन् चांगली समज देतो."

मी म्हणाले, "वाघ होता जी."

"मंग कार्ड लावून पाहू."

मी नको म्हणाले. हात जोडून नको म्हणाले. त्यांनी तक्रारीसोबत जमा झालेले कार्ड ठाण्याच्या संगणकाला लावले. पडदा त्यांच्याकडे होता, मला दिसत नव्हता. त्यांनी फोटो मोठा केला. मग लहान केला. पुन्हा मोठा केला. मंजुषाबाई पाणी आणायला उठल्या व पडद्यावर नजर टाकून परत बसल्या. हवालदारसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. नंतर अगदी हळू म्हणाले, "हा दुपट्टा म्या दिवाळीले घेतला होता." दुपट्टा पिवळा व त्यावर काळे पट्टे आहेत, हे मी शनिवारीच पाहिले होते.

मी म्हणाले, "साहेब, पोरांची नावं पाह्यजे असतीन तं सांगतो. तुमीच म्हणाले न, मायबापाले बोलावतो म्हणून. मंग मंजुषाबाई नावानिशी लिवतीन, तो कागद वरच्या साहेबांसमोर जाईन. तुमी म्हणान तसं."

हवालदारसाहेबांनी टोपी घातली. व्हरांड्यात बाकावर बसलेल्या रजत साहेबांना आत बोलावले, फोटो नखाएवढा लहान करून दाखवला आणि म्हणाले, "पाहा. वाघच हाय." रजत साहेबांनी वाकून पाहिले. पिवळे दिसले, काळे पट्टे दिसले. "मला तेव्हाच वाटलं होतं!" असे ते ओरडले. मग या बाईंनी मला खाली पाडून माझा जीव वाचवला, असे म्हणून त्यांनी माझे पाय धरले व तक्रार मागे घेतली. त्यांनी फोटो मागितला. वाघाची जागा बाहेर जाऊ देता येत नाही, असे सांगून हवालदारसाहेबांनी फोटो पुसला. ते योग्य झाले असे माझे मत आहे.

हवालदारसाहेबांनी मला विचारले, "तो तुमचा भाचा प्रश्न बरोबर विचारते का पण?" मी सांगितले की पुस्तकात पाहून विचारतो. मुलगी दहापैकी आठ सांगते. त्यांनी मान हलवली.

मंजुषाबाईंनी मला हा जबाब सुरुवातीपासून वाचून दाखवला. हवालदारसाहेब व्हरांड्यात गेले होते तेव्हाचा मजकूर त्यांनी बारीक आवाजात वाचायला घेतला, तेव्हा मोठ्याने वाचा असे हवालदारसाहेबच म्हणाले. तो ऐकून झाल्यावर त्यांनी आमच्यासमोर अल्लीपूरला फोन लावला. "रविवारी नका येऊ जी. गावाकडे वाघ निघाला हाय. परीक्षा झाल्यावर पाहू." वाघाचा आणि परीक्षेचा काय संबंध, हे तिकडच्या माणसाने विचारले असावे, कारण हवालदारसाहेब रागावून म्हणाले, "हाय संबंध!" आणि फोन ठेवला.

जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला आहे, वाघासह सगळा खरा आहे, म्हणून सही करते.

कोकिळा टिकाराम मडावी