जैतुनचं तीन दात

आमी मूळचं कवठे महांकाळकडचं. आमचं अब्बा बाजारात बसून दात काढायचं, त्यांचं अब्बाबी त्येच. एक गोणपाट, एक पक्कड, लवंगाचं तेल, तुरटी, झालं दुकान. मला त्यांनीच शिकवलं. चाळीस वर्सं बाजार केला म्या, आन तुमी लिवून घेताय म्हणून सांगतो ताई, हात असा हलका की बाई वरडायच्या आत दात माझ्या तळहातावर. आता तुमी म्हणाल शिक्षण काय. शिक्षण न्हाई. हलतोय त्यो काढायचा, येवढंच ठावं.

माझी घरातली, जैतुन. तिला मिसरीचं लय याड. सकाळी मिसरी, दुपारी भांडी झाली की मिसरी, तव्यावर तंबाखू भाजाया घेतली की समदं घर खोकायचं. मी वरडायचो, तर म्हणायची, तुमचं गिऱ्हाईक तर न्हाई ना पळत. लय तोंडाळ. मग तिचा खालचा दात हलाया लागला. म्या काढला. म्हयन्यानं शेजारचा हलला, म्या काढला. तिसराबी काढला. आन ताई, त्ये तिन्ही दात जोर न लावता आलं, नुसती पक्कड लावली आन आलं. मला वाटलं, आता म्हातारपणी आपला हात आणखी सुधारला. बाजारात सांगत सुटलो, बायकोचं तीन दात काढलं, तिनं हूं सुदिक केलं न्हाई. असा मी शहाणा.

पर तिथली जखम भरंना. तुरटी लावली, हळद लावली. सरकारी दवाखान्यात गेलो तर तवा तिथं ताप-खोकल्याचं डॉक्टर, ते म्हणलं, दाताचं आमच्याकडं काय न्हाई, सांगलीला मोठ्या दवाखान्यात दावा, लवकर दावा. जैतुन म्हणली चला जाऊ. तिनं म्हणलं व्हतं, ताई, ह्ये लिवा. मीच म्हणलं, दात काढणाऱ्याची बायको दातासाठी सांगलीला जाणार, बाजारात मी तोंड कसं दावू.

मग त्याच दवाखान्यात दातांची खोली झाली. खुर्ची आली, एक डॉक्टर मॅडम आल्या, अगदी पोरगी, बरोबर एक सिस्टर. मी आधी धसका घेतला, आपलं गिऱ्हाईक गेलं. म्हणलं बघू तरी हिला काय येतंय, म्हणून जैतुनला घिऊन गेलो, औषधाला न्हाई, मॅडमची परीक्षा घ्याया. मॅडमनी पक्कड हातात घेतलीच न्हाई. बॅटरी लावून नुसतं बघत बसल्या, गळ्याखाली चाचपलं, मग शेजारच्या खोलीतनं त्या ताप-खोकल्याच्या डॉक्टरास्नी बोलावलं, दोघांनी मिळून बघितलं, आन तितंच बसून सांगलीला फोन लावला. मला बाहेर नेलं. म्हणल्या, चाचा, दुखणं दातांचं नव्हतंच, कॅन्सर हाय, त्यानं आतलं हाड खाल्लंय. मी म्हणलं, मॅडम, दात तर किती सोपं आलं. त्यांनी सांगलीची चिठ्ठी लिवून माझ्या हातात दिली.

सांगलीला आपरेशन झालं, अर्धा जबडा काढला. मग नाकातल्या नळीनं पेज. मी तिच्यापुढं रडलो, म्हणलं माझं चुकलं, माफ कर, तर तिनं हातानंच गप म्हणलं. माफ केलं का न्हाई त्ये कळलं न्हाई मला. पाच म्हयन्यांत गेली.

आता दर गुरवारी, बाजाराच्या दिवशी, मी दवाखान्याच्या पायरीवर बसतो. पक्कड मॅडमच्या हवाली केली. बायका अजून म्हणत्यात, चाचा तुमीच काढा, ती पोर हाय. मी म्हणतो, आधी आत चल, तोंड दाव, मिसरी किती लावतीस त्ये खरं सांग. मागं एकीला अशीच बळंबळं आत नेली, गालाच्या आत चट्टा व्हता, वेळेत घावला, बरी झाली. परवा नवऱ्याला घिऊन आली, पेढं आणलं, म्हणली चाचा, तुमच्यामुळं वाचले. हसत व्हती, भडाभडा बोलत व्हती. आन मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू ताई, लय राग आला. ही खोली जरा आधी झाली असती, न्हाई तर मीच जैतुनचं ऐकून सांगलीची एसटी धरली असती, तर जैतुनबी आज अशीच बोलत असती. पर त्यात त्या बिचारीचा काय दोष. तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणलं, जा बाई, सुखानं जेव.