चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं?

...नाही, पण मला सांगा, माझं चुकलं कुठे? तीन वर्षं मी त्या ग्राहक मंचाच्या मासिकात बसून लोकांची रडगाणी तपासतेय, पहिल्या पानावर फसवणूक, शेवटच्या पानावर लुबाडणूक, मधोमध दोन पिना! एक दिवस डोकंच फिरलं. संपादककाकांना म्हटलं, काका, जगात एखादी कंपनी तरी धड वागत असेल ना? तिच्यावर छापू या की! चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं?

काका चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, ते चांगलं आहे ना? मग राहू दे बिचारं."

ऐकते कोण? महिनाभर चपला झिजवल्या आणि तुम्हाला सांगते, सापडली! दोन खोल्या, इस्त्र्या बनवणारं जोडपं. इस्त्री बिघडली की दादा स्वतः नवी घेऊन दारात हजर, पावतीसुद्धा विचारायची नाही, वर हात जोडून, "माफ करा, आमचंच चुकलं." मला रडूच आलं हो! वहिनी लाजून म्हणाल्या, "खरंच छापणार? मी चौकट करून लावीन."

छापलं! अख्खं पान, फोटो, पत्ता. आता आमच्या प्रत्येक पानाच्या तळाला तक्रारीचा अर्ज असतो, कापा, भरा, कंपनीला पाठवा. वर्षानुवर्षं असतो. तो याही पानावर राहिला... चांगल्याला चांगलं म्हणण्याच्या नादात खाली कोण बघतं?

आमचे वाचक बघतात! फक्त खालीच बघतात! आम्हीच शिकवलंय ना, अर्ज दिसला की भरायचा! एकाने लिहिलं, "इस्त्री फार तापते." अहो, मग काय गार पडायला हवी? एक बाई म्हणे, "माझी इस्त्री दुसऱ्या कंपनीची आहे, पण तुम्ही चांगले आहात असं वाचलं, तेव्हा बदलून द्या." एका आजोबांनी तर कमालच केली, "तूर्त तक्रार नाही, हक्क राखून ठेवत आहे."

आणि दादा? दादा पडले चांगले! प्रत्येक अर्जाला नवी इस्त्री, वर माफी.

चार महिन्यांत कारखान्याला कुलूप. मी धावत गेले, तर वहिनी सामान बांधत होत्या. भिंतीवरची चौकट काढून माझ्या हातात दिली. "ताई, एवढं तुम्ही न्या. आम्हाला जागा नाही."

काल नवी तक्रार आली, "कंपनी न कळवता बंद, ग्राहक वाऱ्यावर!" अक्षर बघते तर माझी सख्खी मावशी! फोन लावला, "मावशी, तुला दोन इस्त्र्या फुकट मिळाल्या होत्या ना गं?"

"म्हणूनच तर! तिसरीचा अर्ज भरून ठेवला होता मी. आता तो काय चुलीत घालू?"

काकांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "पहिलं पान."

लिहिलं मी. झणझणीत झालं. काका म्हणाले, "चांगलं लिहिलंयस."

...म्हणायला काय जातं?