गुरुजींची भैरवी

रेडिओवर बोलते, स्टेजवर गोष्टी सांगते, मग मैफलींवर लिहिणंच काहून सोडलं, विचारता न? ऐका.

चेरीताल मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या गायक गुरुजींकडे गेले होते. त्यांचे कान पार गेले. वहीत लिहूनच बोलावं लागते. त्यांनी त्यांच्या मैफलीवरच्या माझ्या जुन्या लेखाचं कात्रण काढलं अन् शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं: ‘भैरवीनं सभागृह रडवलं.’

"रोज वाचतो हे. बेटा, कोणती भैरवी गायलो होतो मी?"

मी तर लेख वेळेवर द्यायचा म्हणून मध्यंतरातच निघाले होते. शेवटी भैरवी होतेच, म्हणून लिहून टाकलं. आता वहीत काय लिहू?

तेच म्हणाले, "मला वाटत होतं, त्या दिवशी आवाज बसला अन् भैरवी राहूनच गेली. पण तू लिहिलं, म्हणजे गायलोच असेन."