एक मध्येच गळाली

हॅलो?… कोण?… मोठ्यानं बोल, पंप चालू आहे… धाकटी? हां, बोल.

नाही, घरी नाही. क्रीडा संस्थेत. माझ्याच हवेच्या पंपापाशी… जेवलो का? तू पण ना, काय वेळ आहे का ही विचारायची!

हात?… कोणी सांगितलं तुला? रखवालदारानं? अगं, रक्त आहे, पण माझं नाही… अगं ऐक ना. ओरडू नकोस. तू ओरडलीस की मला तोच दिवस आठवतो. इथंच उभा होतो. फिल्टर उघडलेला, दोन्ही हात काळे, फोन खांद्यात धरलेला. तू म्हणालीस, दाजी, ताई वर येत नाहीये. मी वेड्यासारखा जिन्याकडे बघतोय. मला वाटलं ती डबा घेऊन येतेय… आणि तू नुसती पाणी, पाणी म्हणत राहिलीस.

हो… हो, डॉक्टरलाच. तुमच्या संशोधक साहेबाला… मारलं. पान्यानं. तोंडावर… पुढचे दात गेले, नाक वाकडं झालं. मग कॉलर धरून जिन्यावरून खाली ओढत आणला. फार ओरडत होता. बायकोला फोन करू दे म्हणाला. मी म्हटलं, माझ्या बायकोला मी कुठल्या नंबरवर करू?

आता? आता आत आहे… उंचीच्या खोलीत… हो, तीच. तुझी ताई महिनाभर झोपली, तीच. तिच्याच पलंगावर फेकलाय. दार बाहेरून लावलं आणि हवा ओढून घेतोय. तुम्हा पोहणाऱ्या पोरींना देतो तशीच, डोंगरावरची विरळ. फक्त तुमचा डोंगर बुटका होता. साहेबांना उंच देतोय.

नाही, मेला नाही. काचेवर मुठी आपटतोय. काच जाड आहे, काही होत नाही तिला… का म्हणून काय विचारतेस? तू नव्हतीस दुपारी हॉलमध्ये, त्याच्या भाषणाला. मी होतो. शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हटलं, तिच्याबद्दल दोन शब्द बोलेल, ऐकून येऊ… बोलला ना! पडद्यावर आलेख. म्हणे, उंचीवर झोपवून खाली पोहायला लावलं की पोहणारीचं रक्त कसदार होतं, वेळ कमी लागतो. म्हणे, बारा जणी घेतल्या होत्या. अकरा जणींचे निकाल समोर आहेत. एक मध्येच गळाली… हो, गळाली. हाच शब्द. आणि पाणी प्यायला, पुढचा आलेख.

गळाली! गळायला ती नळ होती का गं?

मी जास्त काही मागत नाहीये. आत माइक आहे, मला त्याचं सगळं ऐकू येतं. म्हटलं, साहेब, एवढंच म्हणा, ती मेली. चक्कर येतेय म्हणाली होती, तरी मी पाण्यात पाठवली आणि ती मेली. म्हणा, दार उघडतो… काय म्हणतो? म्हणतो, दुर्दैवी प्रसंग. मी उंचीचा काटा चढवला. म्हणतो, आमची एक गुणी खेळाडू आम्ही गमावली. आणखी चढवला. आमची!… तूच सांगितलंस ना मला? काठाला धरून ती म्हणाली, बास झालं. हा म्हणाला, अजून एकदा, पाण्याखालून, एका दमात. आणि स्वतः मशीनवरचे आकडे बघत बसला. आकडे छान येत होते. ती तळाशी होती.

काय?… परत बोल… तू?… उद्यापासून? तिच्या जागी?

नाही, निवड समितीचं मला सांगू नकोस! या खोलीत झोपलं नाही तर संघात घेत नाहीत, असं कोण म्हणालं? हाच ना? आणि तू सही करून आलीस!… तिच्या पलंगावर? अगं, तिची चादर आहे अजून तिथं. मी कोणाला काढू दिली नाही… आईंना माहितीये? बरं… रडू नकोस. ऐक… रडू नकोस म्हटलं ना.

थांब. थांब जरा… हसतोय… डॉक्टर गं. काच सोडून खाली बसलाय. स्वतःची बोटं बघतोय आणि हसतोय. ओठ निळे पडलेत. हवा कमी झाली की माणसाचं भान सुटतं, हसू येतं उगाच… तीही हसायची. सकाळी मी दार उघडलं की माझ्या गळ्यात पडून खिदळायची. मी म्हणायचो, आज स्वारी खुशीत दिसतेय… खुशीत! तसाच हसतोय, धाकटे. अगदी तसाच.

नाही… नाही बघवत. सोडतो हवा… सोडली, सोडली. फुसफुस ऐकू येतेय ना? तीच… उघडलं दार. आला बाहेर. गुडघ्यावर आहे. ओकतोय… आहे गं, जिवंत आहे.

आता फोन ठेवू नकोस. ऐक… हा काटा गेला… ही झडप… हा पाइप… त्याला नाही मारत! पंपाला मारतोय. मीच बसवला होता, मीच फोडतोय… हां!… ही काच नाही फुटायची… फुटली! उद्या तुला इथं कोण झोपवतं तेच बघतो!

हो… दम लागलाय. बसतो… आले वाटतं. जिन्यावर बूट वाजतायत. मला नेतील, नेऊ दे. तू मात्र ये. ती चादर घेऊन जा. आईंकडे दे, धुऊ नका म्हणावं.

डॉक्टर?… बघतोय माझ्याकडे. आला शुद्धीवर. थांब, विचारतो… साहेब, आता तरी म्हणा… नाही गं. पाणी मागतोय.

ठेवतो, दारात आलेत… मेली एवढं म्हणायचं त्याचं अजून राहिलंय.