टेपरवरचं कुंकू

(ट्रॉय, मिशिगन. दसऱ्यानंतरचा शनिवार, दुपारचे तीन. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इला आणि तिचे बाबा प्रल्हाद. ओट्याशी आई, सुनेत्रा.)

इला : थांब ना बाबा, आधी तिन्ही बघ, मग बोल! हा पहिला माउंट. नुसते आटे. पाच-सहा फेरे फिरवले की रायफलच्या नळीवर सायलेन्सर बसला. एकदम घट्ट, पण स्लो.

प्रल्हाद : आणि तापला की आटे धरून बसणार.

इला : एक्झॅक्टली! हा दुसरा, दातेवाला. कट-कट-कट, लॉक! दोन सेकंद.

प्रल्हाद : हलतोय की हा. बोटाला लागतंय बघ.

इला : थोडा प्ले आहे, यार. आणि हा तिसरा. माझा!

प्रल्हाद : टेपर! अगं, भोसरीला आमच्या ड्रिल मशीनमध्ये हेच होतं. निमुळता दांडा निमुळत्या भोकात. एकदा बसला की हलायचं नाव नाही.

इला : तुझ्याकडूनच उचललंय! अर्धा फेरा, टक्, झालं. म्हणजे एकच सायलेन्सर तीन रायफलींवर फिरवता येतो. फक्त काढून परत लावल्यावर गोळी पुन्हा तिथेच लागली पाहिजे. सगळा गेम तोच आहे.

सुनेत्रा : चहा होतोय. ते सगळं माझ्या ताटांपासून लांब ठेवा.

इला : आई, नुसते माउंट आणि नळीच्या टोकांचे डमी तुकडे आहेत. सायलेन्सर लॅबमध्ये लॉक असतात.

सुनेत्रा : असू देत. परवा मंडळात सीमानं विचारलं, इला कुठे असते. मी म्हटलं, गाड्यांच्या पार्ट्समध्ये.

इला : सिरियसली? खोटं सांगितलंस?

सुनेत्रा : मग काय सांगू? मुलगी बंदुकीचं सामान करते?

इला : मी बंदूक नाही करत, तिचा आवाज कमी करते. बाबाचे कान प्रेस शॉपमध्ये गेले, म्हणून तर मी या लाइनला आले. तुला किती वेळा सांगू?

प्रल्हाद : भांडू नका, नाहीतर मशीन बंद करतो कानाचं. इला, पुढे सांग. हा जिंकला ना?

इला : नाही. बुधवारी जिंकला होता. पीस नंबर एक. दहा वेळा काढला, दहा वेळा लावला, सगळ्या गोळ्या एका संत्र्याएवढ्या जागेत. मी शूटिंग रेंजवर नाचले, बाबा! आणि आज सकाळी पीस नंबर दोन. तेच ड्रॉइंग, तोच व्हेंडर. दहातल्या सात चार-चार इंच सरकल्या. माझा बॉस डेल म्हणतो, तुझं डिझाइन लहरी आहे. चारला कॉल आहे, त्यात दातेवाला फायनल होणार. सहा महिने गेले माझे.

प्रल्हाद : चारला अजून पाऊण तास आहे. तो नंबर दोन दे इकडे. आणि फोनचा टॉर्च धर... हे आत लाल काय आहे?

इला : लाल? स्टेनलेस आहे, गंज नाही चढणार. थांब. बाबा, हे पावडरसारखं आहे. पिवळंपण आहे.

प्रल्हाद : सुनेत्रा?

सुनेत्रा : चहात आलं घालू का?

प्रल्हाद : सुनेत्रा, इकडे ये.

सुनेत्रा : केली मी पूजा! गुरुवारी दसरा होता. तुमचा मायक्रोमीटर, माझी कात्री, मिक्सर, सगळं मांडलं होतं. हिची पिशवीही तिथेच होती. बाहेरून लावलं असतं तर ही ओरडली असती, म्हणून आतून लावलं. बोटभर.

इला : आतून? आई, आतूनच तर तो बसतो! तिथे केसाएवढासुद्धा कचरा चालत नाही. मी सकाळी पुसायला हवा होता, रायफलची नळी साफ दिसली म्हणून हा घाईत तसाच लावला. ओ माय गॉड. डेलला काय सांगू? माझ्या आईनं हळदीकुंकू लावलं?

सुनेत्रा : करायला गेले गणपती अन् झाला मारुती. चुकलं माझं. तुझं भलं व्हावं म्हणून केलं गं.

प्रल्हाद : उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका. गप्प बसा दोघी. इला, टॉर्च सरळ धर. पुढे काय दिसतंय?

इला : पुढे घासून चकचकीत झालंय. एक रिंग.

प्रल्हाद : आणि मागे?

इला : मागे कुंकू आहे. थोडं काळवंडलंय. बाबा... आईच्या बोटाचा ठसा दिसतोय!

प्रल्हाद : रेषांसकट! दहा वेळा बसवलास, फिरवलास, तरी ठसा शाबूत. म्हणजे मागे धातू धातूला लागलाच नाही!

इला : म्हणजे अँगल चुकलाय! फक्त पुढची कड धरतेय, मागे मोकळं, म्हणून दर वेळी वेगळा कलतोय!

प्रल्हाद : आम्ही टेपरला निळा रंग लावून हेच बघायचो. रंग सगळीकडे पुसला तर पास, नाहीतर परत मशीनवर. तुझ्या आईनं लाल लावलाय, इतकंच.

इला : नंबर एक! आई, नंबर एकलापण लावलंस?

सुनेत्रा : दोन्हींना लावलं. एकाला लावून दुसऱ्याला कसं वगळायचं?

इला : आणि तो आज रेंजवर नेलाच नव्हता! डमी नळीवर बसवते... अर्धा फेरा... टक्. काढते. बाबा, बघ, बघ!

प्रल्हाद : पुढून मागपर्यंत पुसलंय. ठसा गायब. शाब्बास! डिझाइन सोन्यासारखं आहे, पोरी. नंबर दोन व्हेंडरनं वाकडा केलाय.

इला : येस्स! आई, आय लव्ह यू! आय लव्ह यू!

सुनेत्रा : अगं, चहा सांडेल! सोड मला.

इला : पण तुला तर माझं काम आवडत नाही. मग पूजा का केलीस?

सुनेत्रा : नाहीच आवडत. पण तू रात्री-रात्री जागून केलंयस. ते देवापुढे नाही ठेवायचं, तर काय ठेवायचं?

इला : आई, तू पण ना! टिश्यू दे.

प्रल्हाद : आता रडू नकोस, फोटो काढ. आणि कॉलच्या आधी नंबर दोनचा अँगल मोजायला टाका म्हणून डेलला लिही.

इला : लिहितेय. दोन्ही फोटो टाकले. पण इथे रिपोर्टमध्ये एक रकाना आहे, कुठलं मार्किंग वापरलं आणि कोणी लावलं. काय टाकू? ‘लाल पावडर’ टाकते, नाव माझं.

सुनेत्रा : पावडर काय? कुंकू लिही. आणि नाव माझं घाल.