माझ्या नावाने आलेली माफी

हॅलो?

कोण?... कोण लाव्हॉन?

नाही, नाही, थांबा. तुम्ही जे कोणी असाल ते ऐकून घ्या. माझ्या बहिणीचा आवाज काढणं आता अवघड राहिलेलं नाही. तीन सेकंद बोलणं हाती लागलं की आवाज चोरतात, मी स्वतः वाचलंय. गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या आजोबांना नातवाचा फोन आला, तुरुंगातून. आजोबा म्हणाले, अरे, नातू तर माझ्यासमोर बसून पॅनकेक हाणतोय! तेव्हा तुमची डाळ इथे शिजायची नाही.

...आणि जी बहीण चार वर्षांत फोन करत नाही, ती आज मंगळवारी सकाळी दहाला करेल?

...बरं. खरी असशील तर सांग. आमच्या पहिल्या गायीचं नाव... नको, ते नको. ते तिने फेसबुकवरच्या कुठल्याशा खेळात स्वतःच जगाला सांगून ठेवलंय. हं, हे सांग. नाताळच्या नाटकात मी देवदूत झाले होते. सात वर्षांची होते. स्टेजवर काय झालं?

...हो.

...हो, पुरे.

...अगं पुरे म्हटलं ना! पांढरा झगा होता ते मलाही आठवतंय!

लाव्हॉन. तूच आहेस.

...

नाही, आहे मी. बसले जरा. खुर्ची ओढत होते.

...मी बरी आहे. डेलमरही बरा आहे. गॅरेजमध्ये बोटीची मोटर उघडून बसलाय. तळ्यावरचा बर्फ गेला ना परवा, आता हा बाबा घरात टिकायचा नाही. तुमच्याकडचा गेला?... अजून नाही? अठरा मैलांवर एवढा फरक? कमाल आहे.

...हो. ...हो ना.

अगं, तू बातमी वाचलीस का? एक घड्याळ निघालंय. दर तासाला म्हणतं, आता श्वास घ्या. अडुसष्ट वर्षं मी कुणाला विचारून घेत होते? आणि ती दुसरी, "या सात चुका तुम्ही रोज करता, पाचवी वाचून हादराल." मी वाचली पाचवी. स्पंज बदला म्हणे. आणि तो नवा फ्रिज! दूध संपलं की फोनवर कळवतो. आता दूध संपलं हे कळायला मला फ्रिज कशाला हवा, डेलमर बोंबलतोच की... उद्या म्हणतील फ्रीझरसुद्धा...

...

सॉरी. फ्रिजचं सहज निघालं गं. टोमणा नव्हता.

...हो, बडबडतेय. घाबरले की माझी जीभ सुटते, तुला माहीत आहे. तू बोल. नाही, आता एक अक्षर बोलणार नाही. बोल.

...

लेख? कुठला लेख?

...माझा? "क्लॅरियन" पेपरात? अगं, पण "क्लॅरियन" तर...

...हं.

...तू रडलीस?

...रविवारी वाचलास. आणि दोन दिवस फोनकडे बघत बसलीस... हं.

लाव्हॉन, एक सेकंद थांबशील? दारावर कोणीतरी आलंय. नाही, ठेवू नकोस. अजिबात ठेवू नकोस!

डेलमर! ए डेलमर! इकडे ये. हात राहू दे काळे, ये आधी. ...हळू बोल. लाव्हॉन आहे फोनवर. ...हो, आपलीच लाव्हॉन. तिने त्या यंत्राचा लेख वाचलाय. ...अरे यंत्राचा! पेपर बंद पडला, मालकाने वेबसाइटचं नाव सोडून दिलं, ते कुणा भामट्याने उचललं आणि आता माझ्या फोटोखाली यंत्राकडून लिहून घेतो, ते! त्यात मी म्हणे माफी मागितलीय. भोळ्या माणसांना हसले म्हणून. ...मी कशाला वाचू? मी वाचतच नाही ते! ...नाही, तिला माहीत नाही. तिला वाटतंय मीच लिहिलं.

...सांगून टाक काय सांगून टाक! सांगितलं तर काय अर्थ होतो त्याचा? बाई गं, तू परत फसलीस. पहिल्यांदा फसली तेव्हा मी गावभर हसं केलं तिचं. आता परत मीच सांगू?

...खोटं कुठे बोलतेय? गप्प बसणार आहे. गप्प बसणं वेगळं. ...चार वर्षांनी आलाय फोन, डेलमर. तू जा मोटरकडे.

हॅलो? हं, लाव्हॉन. कुणी नाही, पार्सलवाला होता.

...हो, ऐकतेय. वाच ना. ...नाही, मला ऐकायला आवडेल. माझाच लेख आहे ना शेवटी.

..."इतकी वर्षं मी पडद्यामागच्या माणसांना विसरले." हं. ..."विश्वास ठेवणं हा दुबळेपणा नसून एक सुंदर, कोमल, धाडसी प्रवास आहे." ...असं लिहिलंय? प्रवास? मी?

...नाही, छान आहे. छानच आहे. जरा साखर जास्त झालीय.

...बदलले? हं, वय झालं की माणूस बदलतो म्हणतात.

...फोटोत? दात दिसतायत? हो. ते... दात दाखवून मी शेवटचा फोटो दुसरीत काढला असेल. त्यांनी घातलेत. म्हणजे, आम्ही घातलेत.

...काय केलंस?

...लायब्ररीतून छापून आणलास. कशाला पण? फोनवर आहे ना तो.

...या रविवारी? इकडे? आपल्या चर्चमध्ये?

...अगं ये ना! ये, नक्की ये. चार वर्षं तुझ्या जागेवर कुणी बसत नाही, उजवीकडून तिसरं बाक. लोक चुकून बसतात आणि उठतात. ये. मी कॉफी... काय?

...कुठे लावणार?

...चर्चच्या तळघरातल्या फळ्यावर. कॉफीच्या टेबलाजवळ. सगळ्यांना दिसेल असा.

...

नको.

...नाही, म्हणजे, नको लावूस. ...लाज कसली, लाज नाही वाटत. ...अगं ऐक ना... ऐक. लाव्हॉन, ऐक माझं. त्या फळ्यावर तो कागद लावायचा नाही. तू घडी घालून पिशवीत ठेव, पण तिथे लावू नकोस.

...कारण ते हसतील.

...तुझ्यावर.

...कारण तो लेख मी लिहिलेला नाही.

...

आहेस ना?

"क्लॅरियन" दोन वर्षांपूर्वी बंद झाला. तुमच्या बाजूला येतच नव्हता, तुला कोण सांगणार! आता जे आहे ते यंत्र आहे. माझं नाव, माझा फोटो, माझ्या जुन्या लेखांचा चुरा आणि वर साखर. इथे सगळ्या गावाला माहीत आहे. गेल्या महिन्यात त्याच "मी"ने डेलमरला मारून टाकलं. "माझे दिवंगत पती हॅरॉल्ड" म्हणे! नावसुद्धा धड नाही. पण लोकांनी वाचलं आणि संध्याकाळपर्यंत दुखवट्याच्या जेवणाच्या तीन हॉटडिश दारात. तिन्हींवर बटाट्याचे गोळे, भांड्याखाली चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव. दार कोणी उघडलं? डेलमरने. गॅरी ओल्सन त्याला बघून पायरीवरून पडला. आणि डेलमरने तिन्ही हॉटडिश खाल्ल्या, म्हणाला, माझ्याच नावाने आल्यात...

...हं. विनोद नको. बरं.

...नाही, हसत नाहीये. शप्पथ हसत नाहीये. आवाज असा येतोय कारण... असू दे.

...

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, हो. मघाशी पार्सलवाला वगैरे कुणी नव्हता. मी डेलमरला विचारत होते काय करू. तो म्हणाला सांग. मी म्हटलं गप्प बसते. तू छापून आणला नसतास तर गप्पच बसले असते. आयती माफी मिळत होती, चार वर्षांचं भांडण फुकटात मिटत होतं, कोण सोडतं!

...नाही, तू मूर्ख नाहीस.

...लाव्हॉन, कोणीही फसेल. डेलमरने स्वतःचा मृत्युलेख वाचून आधी स्वतःची नाडी बघितली होती.

...सॉरी. विनोद नाही.

...म्हणजे? "त्यातलं एकही वाक्य तुझं नाही?" ...नाही. एकही नाही. कोमल, धाडसी वगैरे शब्द मी कधी वापरते का?

...तसं नाही गं. वाक्यं माझी नाहीत म्हणजे मला काही वाटलंच नाही असं नाही.

...मग बोलले का नाही?

...एकोणीस वर्षं दर गुरुवारी लिहिलं. नऊशे लेख. मोबाइल, कॉम्प्युटर, खोट्या बातम्या, कोण कसं फसलं... दुसऱ्याबद्दल लिहायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत.

...हो. तेच म्हणतेस ना. स्वतःबद्दल एक ओळ नाही.

...नको, ठेवू नकोस! सांगते. माझ्या शब्दांत सांगते, ते ओबडधोबड असतील. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विनोद करेन.

फेसबुकवर ती पोस्ट आली होती. पंधरा जुलैला वीज कंपनी नव्या मीटरमधून सगळ्यांचे डीप फ्रीझर बंद करणार. तू खरं मानलंस. गाडी काढून एकतीस घरी गेलीस. हल्डा नायगार्डकडे गेलीस, ती तर एकटी, धड ऐकूसुद्धा येत नव्हतं तिला. तू तिचा सगळा फ्रीझर स्वतः रिकामा केलास. मग फ्रीझरमधलं तुझं शिकारीचं अख्खं हरीण, सगळे मासे, सगळं चर्चच्या तळघरात नेऊन शिजवलंस, वाया जाऊ नये म्हणून. गावाला जेवायला घातलंस. त्या उकाड्यात, दोन दिवस उभी राहून.

आणि गुरुवारी मी लिहिलं, "माझ्या नात्यातल्या एका बाईने हरीण वितळवलं." नाव नव्हतं घातलं. तुझ्याच मापाचा सदरा शिवला आणि म्हटलं, कुणाच्या मापाचा नाही! त्यानंतर जो तो तुला विचारायचा, काय लाव्हॉन, हरीण वितळलं का? तू चर्चला यायची थांबलीस.

...हो, हे तुला माहीत आहे. हे सगळ्यांनाच माहीत आहे. थांब. जे माहीत नाही ते आता सांगते.

मला आधीच कळलं होतं.

...पोस्ट खोटी आहे ते. तेरा तारखेला, सकाळी. तू घरोघरी जायला निघण्याआधी. मी वीज कंपनीला फोन केला होता, माझं कामच ते होतं. ती बाई हसली आणि म्हणाली, असलं काही नाही. मी फोन ठेवला. मग तुझा नंबर फिरवायला घेतला... आणि थांबले.

...कारण लेख चांगला होणार होता.

...

आहेस?

...हो. दोन दिवस. तू उन्हात फिरत होतीस आणि मी इथे खिडकीत बसून शीर्षक शोधत होते. पंधराला तळघरात जेवायलाही आले. दोनदा वाढून घेतलं. घरी आले, हात धुतले आणि लिहायला बसले. तू भोळी होतीस, पण तू लोकांसाठी पळत होतीस. मी शहाणी होते, आणि मी बसून राहिले. ते यंत्र काय माफी मागणार यासाठी, त्याला हे ठाऊकच नाही. हे डेलमरलासुद्धा ठाऊक नाही. तुझ्याशी मी फार वाईट वागले, लाव्हॉन. मला त्याची लाज वाटते. रोज नाही वाटत, खोटं कशाला बोलू. पण वाटते तेव्हा जेवण जात नाही.

...

...रडतेयस?

...रागाने. बरं. राग बरोबर आहे.

...हो, एक फोन. एका फोनचं काम होतं.

...हल्डाच्या गोठवलेल्या बेरी? दहा डबे वाया गेले? ...नाही, ते मला माहीत नव्हतं. ...तिने तुला शेवटपर्यंत दोष नाही दिला? ...हं. ती तशीच होती.

...

काय?

...मी? हे सगळं लिहून फळ्यावर लावू?

...वाचून दाखवू. सगळ्यांसमोर. कॉफीच्या वेळी.

...तेरा तारखेचं पण?

...हो. तेच तर मुख्य आहे, कळलं. ...लाव्हॉन, तिथे गॅरी ओल्सन असेल. पास्टर असतील. ते सगळे मला हसतील... नाही, हसणारही नाहीत. नुसते बघतील. ते जास्त वाईट.

...हो. तू चार वर्षं ते सहन केलंस. हो.

...वाचते.

...म्हटलं ना, वाचते. हाताने लिहीन, खाली सही करीन. कुणी म्हणायला नको की यंत्राने लिहिलं.

...एकही विनोद नाही. ...अगं, एक तरी... नाही. बरं. एकही नाही.

...मग तू मला माफ... 

...आधी वाचायचं. मग तू ठरवणार. आणि नाही जमलं तर नाही.

...कबूल.

...उजवीकडून तिसरं. हो, राखून ठेवते. माझ्या शेजारी नको? ...बरं, मी मागे बसेन.

...रविवारी. नऊला.

...हो. ठेव तू आधी. मी नंतर ठेवते.